पुण्याचा हिशेब

अध्यात्माच्या साधनांनी अहंकारच पोसण्याच्या वृत्तीला तिबेटी गुरू चोग्याम त्रुंगपा यांनी १९७३ साली एका पुस्तकातून ‘आध्यात्मिक भौतिकवाद’ हे नाव मिळवून दिले. त्यामुळे हा दोष आधुनिक बाजारी जगाचा आणि जुना धर्म मात्र निर्मळ, असा समज सहज होतो. आपल्या सह्याद्रीतली बौद्ध लेणी तो समज टिकू देत नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. हे शैलगृह आपण पुरे केले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे, असे तो सांगतो. तृष्णा सोडायला शिकवणाऱ्या धर्माच्या दारातच ही फुशारकी कोरलेली आहे.

तरी दोष पैशाचा होता, असे मला वाटत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने आपल्या दानाचा चोख हिशेब कोरला आहे.  ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, कायमचे ठेवले गेले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांतल्या २००० वर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाला २४० कार्षापण येतात आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बरोबर १२ मिळतात. दाता गेला तरी पावसाळ्यात भिक्षूच्या अंगावर वस्त्र यावे, एवढी दूरदृष्टी या आकडेमोडीत आहे. तिला भौतिकवाद म्हणणे अन्यायाचे होईल.

यावर कोणी म्हणेल, मग नाव कोरण्यालाही दोष का द्यावा? लेख हा दस्तऐवजच होता. ऋषभदत्ताचे दान निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदवले होते आणि भिंतीवरची अक्षरे हा त्याचाच जाहीर पुरावा होता. हे खरे आहे, पण अपुरे. चीवराची सोय सिद्ध करायला रकमेची नोंद पुरे होती. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात मात्र तीन लाख गाई, देवब्राह्मणांना दिलेली १६ गावे आणि वर्षभर लाख ब्राह्मणांना घातलेले जेवण यांची जंत्री आहे. म्हणजे पुण्याचा साठा मोजून दाखवण्याची हौस एकट्या बौद्धांची नव्हती. दाता एकच होता आणि दोन्ही परंपरा त्याला तेवढीच मोकळीक देत होत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे मन आपल्याला दगडावरून कसे कळणार? कळत नाही, हे मान्य. पण पुण्य कोणासाठी, हे दात्याने कोणत्या शब्दांत सांगितले ते कळते. कार्ल्यालाच अबुलामा इथल्या हरफरणाने नऊ खोल्यांचा मंडप दिला, तो आईवडिलांसाठी आणि सर्व प्राणिमात्रांच्या हितसुखासाठी. नाव त्यानेही कोरले, खर्च त्यानेही केला. पण भूतपालाचे वाक्य वास्तूच्या मोठेपणावर संपते आणि हरफरणाचे दुसऱ्यांच्या सुखाकडे जाते. त्याग आणि तृष्णा यांच्यातली रेघ दान आणि अदान यांच्यामधून जात नाही. ती या दोन वाक्यांच्या मधून जाते. म्हणून आजच्या देणगीदारालाही, किती दिलेस यापेक्षा कोणासाठी दिलेस, हेच विचारायला हवे.