फायब्रॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर उदरात पसरणाऱ्या गाठी

गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या फायब्रॉइडच्या गाठी बहुतांशी निरुपद्रवी असतात. मात्र त्या काढल्यानंतर काही वर्षांनी क्वचित एखाद्या स्त्रीच्या पोटात, गर्भाशयापासून दूर, तशाच गाठी आढळतात. आतड्यांवर, उदरावरणावर, इतकेच नव्हे तर दुर्बिणीसाठी घेतलेल्या छेदाच्या जागीही त्या वाढू शकतात. शेजारच्या अवयवांकडून रक्तपुरवठा मिळवून जगत असल्याने त्यांना 'परजीवी फायब्रॉइड' म्हणतात. नाव भयावह असले, तरी जंतू वा कृमी यांचा येथे काहीही संबंध नाही. उदरावरणावर अशा असंख्य लहान गाठी पसरल्यास त्या स्थितीला 'लिओमायोमाटोसिस पेरिटोनियालिस डिसेमिनाटा' असे नाव आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांतही ती आढळली असून, तेथे स्त्री-संप्रेरकांचा प्रभाव हे प्रमुख कारण मानले जाते.

शस्त्रक्रियेनंतरच्या गाठींचा संबंध मुख्यत्वे मॉर्सिलेटर या उपकरणाशी जोडला जातो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मोठी गाठ लहानशा छेदातून बाहेर काढण्यासाठी हे विद्युत उपकरण वेगाने फिरणाऱ्या पात्याने तिचे तुकडे करते. त्यातील सूक्ष्म कण उदरपोकळीत राहिल्यास तेथे रुजतात आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने वाढतात.

पोटात जडपणा वा वेदना जाणवू शकतात. पुष्कळदा मात्र कोणतेच लक्षण नसते आणि अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठी दिसतात. सीटी स्कॅनवर हे चित्र पसरलेल्या कर्करोगासारखे भासते. त्यामुळे रुग्ण व कुटुंबीय हादरून जाणे स्वाभाविक आहे; परंतु ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्याविना निदान निश्चित होत नाही. पूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती व तिचा अहवाल डॉक्टरांना दाखवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

गाठी शस्त्रक्रियेने काढणे हा नेहमीचा उपचार आहे. काही रुग्णांत संप्रेरके रोखणारी औषधे दिली जातात.

याहून गंभीर धोका निराळाच आहे. फायब्रॉइड समजून तुकडे केलेली गाठ क्वचित सार्कोमा, म्हणजे कर्करोगाची, निघते आणि तिचे कण उदरात विखुरले जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीत असा छुपा सार्कोमा असू शकतो, असा अंदाज देऊन या उपकरणाच्या वापराविरुद्ध सल्ला दिला. या आकड्याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. २०२० मध्ये त्याच प्रशासनाने, योग्य निवड केलेल्या रुग्णांतच आणि गाठ बंदिस्त पिशवीत ठेवूनच तुकडे करावेत, अशी शिफारस केली.