शस्त्रांवरील तेल-मेण आणि फवारणीचा लेप

१. जुन्नर तालुक्यांतील निमगाव सावा यासारख्या गांवीं जुन्या वाड्याच्या माळ्यावर दप्तराच्या रुमालाशेजारीं एखादी तोडेदार बंदूक मिळाली, तर संशोधकाचें लक्ष प्रथम दप्तराकडे जातें. बंदुकीचा विचार मागून येतो, आणि आला म्हणजे ती घासूनपुसून टिकाऊ कशी करावी एवढाच असतो. हल्लीं घरच्या घरीं फवारून बसवितां येणारा, रंगासारखा पातळ पण वाळल्यावर अतिशय कठीण होणारा लेप बाजारांत मिळतो. तो एकदां दिला कीं गंजाची चिंता कायमची मिटली, असें वाटणें साहजिक आहे. परंतु जुन्या शस्त्राच्या बाबतींत हा उपाय इष्ट कीं अनिष्ट, हें ठरविण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांनीं लोखंडाचें रक्षण कसें केलें तें पाहणें अवश्य आहे.

२. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले ज्या टापूंत आहेत, तेथें सह्याद्रीच्या माथ्याजवळ चार महिने पाऊस व धुकें यांचा अंमल असतो. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६० च्या वर गेली कीं उघडें लोखंड झपाट्यानें गंजूं लागतें. पावसाळ्यांत गडावर ती याहून पुष्कळच अधिक असते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या इ. स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत दुर्गांची व्यवस्था सांगतांना याचा विचार केलेला आढळतो. पर्जन्यकाळीं तोफांस व दरवाजांस तेल-मेण द्यावें, तोफेच्या कानांत मेण घालावें आणि वर आच्छादन करावें, असा त्यांतील आशय आहे. कानांत मेण कां, तर रंजक पेटविण्याचें तें भोंक म्हणजे पाणी आंत शिरण्याचा सोपा मार्ग होय.

३. या आज्ञेंत आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, येथें कायमचा लेप सांगितलेला नाहीं. तेल-मेण दरसाल द्यावयाचें, म्हणजे तें दरसाल निघणारें. आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, शस्त्रें बाहेर काढून पूजण्याचा आपला परिपाठ आहे. तो दिवस पाऊस ओसरतांनाच येतो. पावसापूर्वीं लेप आणि पावसानंतर तपासणी, असा हा वार्षिक क्रम सहज जुळतो. आज्ञापत्रांतील वचन तोफांपुरतें आहे हें खरें. परंतु जें तोफेच्या लोखंडास लागू तें बंदुकीच्या नळीस लागू नव्हतें, असें मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं.

४. शस्त्रांची निगा हा त्या काळीं स्वतंत्र व्यवसाय होता. शस्त्रांस धार व जिलई देणारा शिकलगार आपल्या परिचयाचा आहे. शिवकालीन राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग हा निराळा वर्गच केलेला आहे. ऐने-अकबरींत लोखंडाची पट्टी तिरपी गुंडाळून बंदुकीची नळी कशी घडवीत त्याचें वर्णन आहे, तसेंच एका वेळीं १६ नळ्या साफ करणाऱ्या, जनावरानें फिरविलेल्या चक्राचेंही आहे. कांहीं नळ्यांचा तपकिरी रंग तर कारागिरानें मुद्दाम आणलेला असतो. क्षारांच्या योगानें हलका गंज चढवावयाचा, तो घासावयाचा, पुन्हा चढवावयाचा. असें अनेकवार केलें म्हणजे घट्ट थर बसतो व पिळाची वीण उठून दिसते. तेव्हां तपकिरी दिसलें तें सगळें घाण, असें समजून विटकरीची पूड किंवा चिंच घेऊन बसणें हें अज्ञान होय.

५. आतां फवारणीचा लेप घ्या. त्याची कृति अशी: प्रथम तेलाचा अंश धुऊन काढणें, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांचा जोरानें मारा करून पृष्ठभाग खरखरीत करणें, नंतर फवारणें, आणि शेवटीं भट्टींत सुमारें १२० अंश सेल्सिअसवर दोन तास भाजणें. बसलेला थर जाडीनें मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा असतो. रोजच्या वापराच्या आधुनिक बंदुकीस हा उपाय उत्तम आहे, आणि त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण यांतील दुसरी पायरी पाहावी. ज्या माऱ्यानें लेप घट्ट बसतो, त्याच माऱ्यानें जुना तपकिरी थर, कोफ्तगिरीची उरलीसुरली सोन्याची तार, कारागिराचा शिक्का आणि सिलेखान्याच्या खुणा झिजून जातात. बिकानेरचे महाराजा अनूपसिंह यांच्या काळीं, सतराव्या शतकाच्या अखेरीस, अदवानीहून नेलेल्या शस्त्रांवर ठिपके ठोकून केलेल्या नागरी नोंदी आहेत. तीं शस्त्रें कोठलीं व केव्हांचीं हें आज त्या उथळ ठिपक्यांवरून सांगतां येतें. ते पुसले असते तर लोखंड उरलें असतें, इतिहास उरला नसता.

६. यावर कोणी म्हणेल कीं, गंजानें शस्त्रच खाल्लें तर खुणा तरी कोठें राहणार? आक्षेप रास्त आहे. परंतु फिकट झालेलीं अक्षरें टिकावीं म्हणून आपण मोडी कागदावर नवी शाई फिरवीत नाहीं. कागद कोरडा ठेवतों व कसरीपासून जपतों. तोच न्याय येथें लावावा. वस्तुसंग्रहालयांत आज सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात देतात. तें पाणी अडवितें आणि पुढें द्रावकानें काढतांही येतें. जुनीं वनस्पतितेलें कालांतरानें चिकट होऊन धूळ धरीत. हा त्यांचा दोष या मेणांत नाहीं. तत्त्व मात्र आज्ञापत्रांतलेंच आहे.

७. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. बंदूक मिळतांच नळींत जुना बार राहिला आहे काय हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. ठासणीच्या बंदुका भरलेल्या सांपडतात. चालूं शकणारी बंदूक परवान्याखेरीज बाळगतां येत नाहीं. १९५९ च्या कायद्यांत दुरुस्तीनेंही न चालणाऱ्या जुनाट शस्त्रांस सवलत आहे, पण आपली बंदूक तींत बसते कीं नाहीं हें आपणच ठरवूं नये. शंभर वर्षांवरील वस्तु १९७२ च्या कायद्यानें पुरावशेष ठरूं शकते, हेंही ध्यानांत असावें. त्यानंतर छायाचित्रें घ्यावीं, खुणांची नक्कल उतरावी, मऊ कापडानें धूळ पुसावी व मेण द्यावें. खंडेनवमीस गंध-कुंकू वाहिलें तर ओल लोखंडावर राहूं देऊं नये. दरसाल अर्धा दिवस एवढें केलें म्हणजे पुरें. हे श्रम कायमचे चुकविण्याच्या लोभानें शस्त्राचा लेखच पुसूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.