हात बसेपर्यंत : गिअर, सराव आणि बायका

आपल्याकडे गाडी चालवण्याचा इतिहास 'पहिली कोण' या प्रश्नापाशी थांबतो. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून सुझान टाटा यांचं नाव घेतलं जातं, साल १९०५. जे.आर.डी. टाटांच्या त्या आई. घरात गाडी होती आणि ती चालवण्याची मोकळीकही होती. पण त्यांच्यानंतर शंभरावी, हजारावी यायला इतका उशीर का झाला? मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी असलेल्या दांड्यात, म्हणजे गिअरमध्ये सापडतं.

मोटारीचं इंजिन अगदी हळू फिरू शकत नाही, बंद पडतं. चाकाला मात्र जागच्या जागेवरून निघायचं असतं. या दोघांची गाठ हळूहळू घालून देतो तो क्लच. आणि चढावर जोर हवा की सपाटीवर वेग, हे ठरवतो गिअर. फ्रान्सच्या पानार-लेव्हासोर कंपनीने १८९१ च्या सुमारास पुढे इंजिन, मध्ये क्लच आणि गिअर, मागे फिरणारी चाकं अशी मांडणी केली, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या तशाच बनत राहिल्या. त्या काळात गिअर बदलणं म्हणजे परीक्षाच होती. क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर दाते दात्यांवर घासून खरखराट होई. १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आला. दोन्ही दातेरी चाकांचा वेग जुळवून मगच त्यांना एकमेकांत बसवणारी ही युक्ती. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचा गिअर बरीच वर्षं स्टिअरिंगखाली असे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. गाडी हलकी आणि तिचा गिअर खाली, हाताशी. २०१४ मध्ये सेलेरिओसोबत क्लचचं पॅडलच नसलेली स्वस्त गाडी मिळू लागली.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत यंत्र सोपं होत गेलं. पण त्यावर सराव कोणी करायचा, हे यंत्र ठरवत नव्हतं.

आपल्या समाजात तर गाडीशी नातं जुनं. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं आहे की रस्त्यावरची वाहतूक आणि गाड्यांची दुरुस्ती या कामांत मुस्लिम कामगारांचं प्रमाण लक्षणीय आहे. आकडे न वाचताही गावोगावच्या गॅरेजांत हे दिसतं. खेड्यापाड्यांत जीप पोहोचवणाऱ्या महिंद्रा कंपनीचं १९४५ मधलं नावसुद्धा 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. त्यातले मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली.

ट्रकवर ड्रायव्हरला 'उस्ताद' म्हणतात. क्लीनर हा त्याचा शागिर्द. तो आधी काच पुसतो, चाकाखाली दगड लावतो, मग मोकळ्या मैदानात गाडी मागेपुढे करतो, आणि एखाद्या रात्री रस्ता रिकामा असला की उस्ताद बाजूला सरकून त्याला स्टिअरिंग देतो. परीक्षा, फी, वर्ग काही नाही. आहेत ते फक्त तास. अशा शेकडो तासांतून आपली पोरं ड्रायव्हर झाली. त्याच घरांतल्या बायकांच्या मांडीवर त्या वेळी बिडीचं सूप होतं. पानात तंबाखू भरून दोऱ्याने बांधणारी त्यांची बोटं बघितली तर कोण म्हणेल की या हातांना यंत्र जमणार नाही? गाडी घरासमोर उभी असे. त्यांना मिळाले नाहीत ते तास.

शिक्षिका म्हणून मला यात नवल वाटत नाही. उर्दूत सरावाला 'मश्क' म्हणतात. पूर्वी मुलं तख्तीवर मुलतानी माती सारवून बोरूने अक्षरं गिरवत, धुऊन पुन्हा गिरवत. मराठीत आपण 'हात बसला' म्हणतो. दोन्ही भाषांना ठाऊक आहे की कसब आधी हातात येतं आणि धीर मागाहून येतो. आपण मात्र बायकांकडे आधी धीर मागतो. "तुला भीती वाटत नसेल तर शिक." भीती जाणार कशाने, तर शिकल्यानेच!

मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर आमगावात गिअरची गाडी शिकले, आणि एक गोष्ट तेव्हा नीट कळली. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. त्यामुळे तिथे गाडी नेमकी कोण चालवतंय, याची खात्री नसते. शिकाऊ लायसन्सला तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, पण तीस दिवसांत नियम कळतात, हात बसत नाही. हाफ क्लचवर गाडी कुठे थरथरते, हे पायाला कळावं लागतं. माझ्या पायाला ते कळलं धानाच्या हंगामात, गोंदियाच्या रस्त्यावर, पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना. शेजारी कोणी नव्हतं, हे बरंच झालं.

ज्यांची नावं आपण 'पहिली' म्हणून घेतो, त्यांच्या गोष्टीतही खरा भाग सरावाचाच आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक झाल्या. २००० मध्ये मुंबईची लेडीज स्पेशल लोकल, ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन, १३ मार्च २०२३ ला सोलापूर-मुंबई वंदे भारत. बातमीत एक दिवस दिसतो. त्यामागे चौतीस वर्षं आहेत. परभणीच्या शीला डावरे १९८८ पासून पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. एसटीने महिला चालकांचं प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू केलं. मध्ये कोरोना आला, आणि जून २०२३ मध्ये अर्चना आत्राम सासवड-नीरा मार्गावर एसटी घेऊन निघाल्या.

काही वाचकांच्या मनात सौदी अरेबिया येईल. तिथे ६ नोव्हेंबर १९९० ला सत्तेचाळीस बायकांनी रियाधच्या रस्त्यांवर गाड्या चालवून बंदीचा निषेध केला. त्यांच्यापैकी गाड्या हाकणाऱ्यांचा हात परदेशात आधीच बसलेला होता, म्हणून त्या दिवशी त्यांना ते करता आलं. बंदी उठली २४ जून २०१८ ला. मग विद्यापीठांत बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढावी लागली, कारण परवानगी एका हुकुमाने मिळते, सराव मिळत नाही. तो एका देशाचा नियम होता, हेही लक्षात असू द्या. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, इंडोनेशिया या देशांत बायका कधीच्या गाड्या चालवतात.

आपल्याकडे अशी बंदी कधीच नव्हती. कायदा अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला कारच्या लायसन्सचा हक्क देतो, बाई-बाप्या असा भेद करत नाही. अडतं ते घरात. मुलगा सोळाचा झाला की भाईजान त्याला कौतुकाने स्टिअरिंगवर बसवतात, खरं तर हे कायद्यात बसत नाही. लायसन्स खिशात असलेल्या बहिणीला मात्र "गर्दी आहे, राहू दे" म्हणून शेजारी बसवतात. गर्दीत चालवायची सवय गर्दीतच होते. रात्री-अपरात्री अम्मीला दवाखान्यात न्यायची वेळ येते आणि घरात मर्द माणूस नसतो, तेव्हा कपाटातलं ते लायसन्स उपयोगी पडत नाही. तेव्हा लागतात आधीचे तास. येत्या जुम्म्याला बाजारात जाताना किल्ली तिच्याकडे द्या. गाडी दोन-चारदा बंद पडेल, मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि गप्प राहा.