जाळ्यात आले, वहीत नाही



तापीकाठच्या या नगरीत इतिहासाची गोष्ट निघाली की वखारी, जकात आणि शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या यांपलीकडे आपण सहसा जात नाही. समुद्र आपल्या इतिहासात येतो तो गलबते वाहून नेण्यापुरता. आज समुद्रतळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याविषयी आणि त्यातून वर येऊन पुन्हा पाण्यात फेकल्या जाणाऱ्या नकोशा मासळीविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. मी भाषेचा अध्यापक. परंतु काय नोंदले जाते आणि काय गाळले जाते, हा प्रश्न माझ्याही विषयाचा आहे.

तक्रार जुनी आहे. 1376 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे आलेल्या अर्जात म्हटले होते की, या जाळ्याने इतकी बारीक मासळी निघते की ती डुकरांना घालावी लागते. आपल्याकडे मुंबई सरकारने 1921-22 मध्ये 'विल्यम कॅरिक' या वाफेच्या बोटीने ट्रॉलचा प्रयोग केला. पुढे 1950 च्या दशकात जोडीने जाळे ओढणाऱ्या बोटी मुंबईहून थेट कच्छच्या बाजूपर्यंत जाऊ लागल्या. त्यांतल्या काहींना अर्नाळा, सातपाटी अशी कोळ्यांच्या गावांची नावे होती! घोळ, दाढा, कोत, वाम यांची वजने वहीत चढली. जे समुद्रातच टाकले, ते बंदरावरच्या वहीत चढणार तरी कसे?

मग कोळंबीची निर्यात वाढली. कोळंबीसाठी जाळे बारीक हवे, आणि बारीक जाळ्यात सगळ्यांचीच पिल्ले येतात. वेरावळच्या बोटी कित्येक दिवस समुद्रात राहू लागल्या. बोटीवर बर्फ आणि जागा मोजकी. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांतली स्वस्त मासळी फेकायची आणि परतीच्या वेळची तेवढी ठेवायची, अशी रीत पडली. आता मत्स्यचूर्णाचे कारखाने तीही विकत घेतात. फेकणे घटते, पिल्लांचे मरण घटत नाही. आपल्या खंबायतच्या आखातातले भरतीओहोटीवर मासळी धरणारे डोल जाळेही, खरे सांगायचे तर, याबाबतीत निर्दोष नाही. जगभरात वर्षाला सुमारे 91 लाख टन मासळी परत टाकली जाते आणि तीत तळाच्या ट्रॉलचा वाटा निम्म्याच्या जवळ जातो, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा 2019 मधला अंदाज आहे.

गुजरातने 2003 च्या कायद्यान्वये ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगितला. शंकरपाळ्यासारखा नेहमीचा आस ओढ बसताच मिटतो. चौकोनी उघडा राहतो आणि पिल्ले निसटतात. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली. मला पहिली वाट अधिक शहाणपणाची वाटते. लांबी मोजली जाते बंदरावर. तोवर नियमात न बसणारे पिल्लू मरून समुद्रात गेलेलेही असू शकते. मात्र बोटवाल्याचा डिझेलचा खर्च त्याच ओढीतून निघायचा असतो, आणि मोठ्या आसातून पिल्लांबरोबर थोडी कोळंबीही निसटते.