रानपिंगळा
रानपिंगळा : स्ट्रिजिडी कुलातील एक लहान घुबड. सातपुड्यातील विरळ सागवनांत राहणारा हा पक्षी दिवसाही शिकार करतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पाय व चोच अधिक दणकट.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. पहिला नमुना एफ. आर. ब्ल्यूइट यांना १८७२ मध्ये हल्लीच्या छत्तीसगढातील बसना परिसरात मिळाला होता. पुढे १८८०–८४ या काळात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात तळोदे व शहादे भागांतून अनेक पक्षी मारून त्यांची कातडी जतन केली. जगातील संग्रहालयांत एकोणिसाव्या शतकातील अवघे सात नमुने असून त्यांतील बहुतेक खानदेशचे आहेत.

त्यानंतर रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये सुरत जिल्ह्यातील मांडवी येथे आपण हा पक्षी मिळविल्याचे नमूद केले. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी नमुन्याची तपासणी केली, तेव्हा डेव्हिडसन यांचेच कातडे ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावल्याचे सिद्ध झाले (१९९९). एका चिठ्ठीमुळे शोध घेणारे कित्येक वर्षे चुकीच्या ठिकाणी गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मांडवी वगळून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळविला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. अखेरच्या विश्वसनीय नोंदीला तोवर ११३ वर्षे झाली होती. हा भाग त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. पुढे मेळघाटात, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा परिसरातही हा पक्षी आढळला.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो समाविष्ट असून आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारानुसार (सायटीस) त्याचा व्यापारी विक्रय वर्ज्य आहे. भारत या करारात १९७६ पासून सहभागी आहे. घुबडांची जादूटोण्यासाठी होणारी चोरटी विक्री पाहता हे संरक्षण आवश्यकच; तथापि जुन्या, ढोली असलेल्या झाडांची तोड व जंगलजमिनीवरील शेती यांवर व्यापारबंदीचा इलाज चालत नाही. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ केली. तीमागे नवी स्थळे उजेडात येणे हे कारण होते, पक्ष्यांची संख्या वाढणे नव्हे.