बुद्धाचे नाव आणि पोखरणचा बॉम्ब



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत बॉम्बचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या बॉम्बला नाव दिले ते आपल्या तथागतांचे. म्हणून हा इतिहास आपल्या एरंडोलच्या घराघरात माहीत पाहिजे.

दि. १८ मे १९७४ रोजी सकाळी राजस्थानात पोखरणच्या वाळवंटात, जमिनीखाली १०७ मीटर खोल, भारताने पहिला अणुस्फोट केला. त्याचे सांकेतिक नाव 'स्मायलिंग बुद्ध', म्हणजे हसरा बुद्ध, असे जगभर छापले गेले. सरकार म्हणाले, हा शांततेसाठी केलेला स्फोट आहे. त्यातले प्लुटोनियम मुंबईत ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतले. चेंबूर-मानखुर्दला आपले कितीतरी पाहुणे राहतात, तिथून ही जागा काही लांब नाही. कॅनडाच्या मदतीने १९६० साली ती भट्टी सुरू झाली, तीही शांततेच्या कामासाठीच वापरू असा शब्द देऊन. स्फोट झाल्यावर कॅनडाने हात आखडला. २०१० च्या अखेरीस ती भट्टी कायमची बंद झाली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. १८ मे १९७४ ला बुद्धपौर्णिमा होती, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. आपली शिकलेली पोरंही तेच सांगतात. जुने पंचांग काढून बघा. त्या साली वैशाखी पौर्णिमा ६ मे रोजी होऊन गेली होती. १८ तारखेला अमावास्या तीन-चार दिवसांवर आली होती. म्हणजे १९७४ ला पौर्णिमाही नव्हती, फक्त नाव वापरले! १९९८ ला मात्र ११ मे रोजी खरोखरच बुद्धपौर्णिमा होती. आपण विहारात वंदनेची तयारी करीत होतो त्याच दुपारी पोखरणला तीन स्फोट झाले, १३ मे रोजी आणखी दोन. त्याच महिन्याच्या २८ आणि ३० तारखेला पाकिस्तानने चगाईच्या भागात स्फोट केले. पंधरा-वीस दिवसांत बरोबरी झाली, मग मिळवले काय?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५४ साली अणुचाचण्या थांबवा असे जगाला सांगणारा आपलाच देश होता. १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार पाच बड्या राष्ट्रांकडे बॉम्ब राहू देतो आणि बाकीच्यांना मनाई करतो. असली उतरंड आम्हाला चांगली ओळखीची आहे, त्यामुळे भारताने सही केली नाही याचा आम्हाला राग नाही. पण उतरंड मोडायची म्हणजे वरच्या पायरीवर जाऊन बसायचे का? जगात २०२५ च्या सुरुवातीला बारा हजारांवर अण्वस्त्रे होती. हिरोशिमाला १९४५ साली एकच पडला, आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली.

भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीत आपलीही माणसे राबली. त्यांच्या भाकरीवर आमचे बोट नाही, तिथे काही अणुबॉम्ब होत नाही. तरी निःशस्त्रीकरणाचे बोलताना कामगाराच्या पोटाचेही बोलावे लागते, ते पुढारी विसरतात.

पोखरणला उत्तर देणारेही निघाले. दि. ११ मे १९९९ रोजी, स्फोटाला बरोबर वर्ष झाले तेव्हा, संदीप पांडे आणि त्यांचे सोबती पोखरणहून पायी निघाले. ऐन उन्हाळ्यात, मग पावसात, जवळजवळ तीन महिने चालले आणि ६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, पोहोचले सारनाथला, जिथे तथागतांनी पहिले प्रवचन दिले होते.