क्ष-किरणांचे मास्तर

मागच्या ईदला माझी भाची घरी आली होती. ती रेडिओलॉजीत एम.डी. करते आहे. शीरखुर्मा झाला, सगळे गप्पांत रंगले आणि ही कोपऱ्यात जाडजूड पुस्तक उघडून बसलेली. मी विचारलं, ‘‘सणाच्या दिवशी काय वाचतेस?’’

‘‘फिजिक्स, मामू. परीक्षेला आहे आणि शिकवायला कुणी नाही.’’

तिच्या कॉलेजात फिजिसिस्टची जागा आहे म्हणे, पण माणूस मिळत नाही. एखादे ज्येष्ठ डॉक्टर जुन्या वह्या काढून तास घेतात आणि मुलं व्याख्या पाठ करतात. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेतच सुटला. तरी तिचं पुढचं बोलणं मनात रुतून बसलं. ‘‘सीटी स्कॅनच्या पडद्यावर किरणांच्या मात्रेचा आकडा येतो, मामू. तो जास्त की बेताचा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि आत टेबलावर कुणाचं तरी लहान मूल असतं.’’

डॉक्टरांना किरणांचं गणित कुणी शिकवायचं, हा प्रश्न किती जुना आहे ते मी शोधू लागलो. तो जवळजवळ किरणांच्याच वयाचा निघाला.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावी विल्हेल्म रोंटगेन यांना हे किरण सापडले. ते कसले आहेत हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी अज्ञात राशीचं अक्षर त्यांना दिलं. आपल्या बीजगणितात ती राशी ‘क्ष’, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. रोंटगेन यांनी पेटंट घेतलं नाही आणि काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर ही नळी वापरू लागले. पण मोजायचं कसं? नळी आणि पडदा यांच्यामध्ये ते स्वतःचाच हात धरत. हाडं स्पष्ट दिसली की नळी बरोबर चालली आहे असं समजत. हेच रोज, वर्षानुवर्षं. कातडी भाजली, बोटं कापावी लागली, काहींचे हात गेले, काहींचे प्राण. १९३६ साली हॅम्बर्गमधल्या एका रुग्णालयाच्या आवारात या किरणांच्या बळींचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा त्यावर १६९ नावं कोरली होती. ज्या गोष्टीचं माप ठाऊक नाही ती हाताळण्याची ही किंमत.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न एका भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी अंगावर घेतला. मारी क्युरी यांच्या नावावर तोवर दोन नोबेल पारितोषिकं जमा होती. जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला आघाडीवर क्ष-किरण यंत्रं हवीत, हे त्यांनी ओळखलं. मोटारींवर यंत्रं बसवून घेतली. स्वतः मोटार चालवायला शिकल्या, शरीररचना शिकल्या. यंत्रं आली, पण चालवणारी माणसं कुठून आणायची? मग १९१६ मध्ये पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी वर्ग उघडला. सुमारे दीडशे स्त्रिया तिथे तयार झाल्या. अनेकींना विज्ञानाची फारशी ओळख नव्हती. त्यांना वीज म्हणजे काय, किरण कसे निघतात, शरीरात कुठे काय असतं, हे सगळं शिकवलं गेलं. शिकवणाऱ्यांत क्युरींची तरुण मुलगी इरेनही होती. नुसतं बटण दाबायला शिकवून भागणार नाही, हे त्या आईने युद्धाच्या घाईतही विसरू दिलं नाही.

युद्ध संपल्यावर तिकडे न्यूयॉर्कला हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने घडली. मेमोरियल हॉस्पिटलमध्ये जिओआकिनो फाइला हे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९१९ मध्ये त्यांनी एडिथ क्विंबी या तरुण भौतिकशास्त्रज्ञ बाईंना मदतनीस म्हणून घेतलं. किरण शरीरात किती खोल जातात आणि तिथे किती मात्रा पोचते, हे मोजण्यात क्विंबी यांनी पुढची वर्षं घालवली. मग १९४३ पासून कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या डॉक्टरांना हाच विषय शिकवू लागल्या. रुग्णालयाने एक भौतिकशास्त्रज्ञ नेमला आणि त्यातून डॉक्टरांच्या पिढ्यांना मास्तर मिळाला.

आपल्याकडे हा धागा थेट क्युरींपासून आला आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथे रामय्या नायडू हे भौतिकशास्त्रज्ञ आले. पॅरिसला क्युरींच्या हाताखाली ते शिकलेले. रेडियममधून निघणारा रेडॉन वायू गोळा करून बारीक नळ्यांत भरण्याचं यंत्र त्यांनी इथे चालवलं. हा वायू चार दिवसांच्या आतच निम्मा उरतो. म्हणजे डॉक्टरच्या हाती आज दिलेली नळी उद्या तेवढी प्रभावी नसणार. ते गणित सांभाळायला शेजारी भौतिकशास्त्रज्ञ हवाच होता. पुढे १९६२ मध्ये तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने किरणभौतिकीचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. एम.एस्सी. झालेली मुलं तिथून तयार होऊन देशभरच्या रुग्णालयांत गेली.

मग भाचीच्या कॉलेजला माणूस का मिळत नाही? कारण ही बहुतेक मुलं कर्करोगाच्या किरणोपचार विभागात जातात. मेडिकल फिजिसिस्ट असल्याशिवाय त्या विभागाला परवाना मिळत नाही. एक्स-रे आणि सीटीच्या विभागाला तशी सक्ती नाही. तिथे त्याला ना धड पद, ना बढतीची वाट. डॉक्टरांच्या पंगतीत तो पाहुणा आणि विज्ञानाच्या कॉलेजात परका.

आणि गरज तर पूर्वीपेक्षा वाढली आहे. फिल्मच्या जमान्यात किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची, चूक डोळ्यांना दिसायची. डिजिटल यंत्रात जास्त किरण दिले तर चित्र उलट अधिक नितळ येतं, त्यामुळे चूक झाकली जाते. छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये किरणांची मात्रा शंभरपट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनीच दाखवून दिलं, की लहान मुलांचे स्कॅन पुष्कळदा मोठ्यांच्या मापानेच काढले जात होते. त्यात दुष्टावा नव्हता. यंत्र लावून ठेवलेल्या आकड्यावर चालत होतं आणि तो आकडा बदलायला हवा, हे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून वाटतं, हा मास्तर क्ष-किरण विभागातच नेमला पाहिजे. पूर्णवेळ, मानाच्या पदावर. परीक्षेपुरते चार तास घ्यायला बोलावलेला नको. यंत्राशेजारी उभं राहून ‘हा आकडा इतका का?’ असं रोज विचारणारा हवा.

परवा भाचीचा फोन आला. जवळच्या एका कर्करोग रुग्णालयातले फिजिसिस्ट शनिवारी येऊन शिकवायला तयार झाले आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याकडे पाठ केली आणि सगळ्यांना सीटीच्या खोलीत नेलं. टेबलावर पाण्याने भरलेलं एक प्लॅस्टिकचं भांडं ठेवलं. एकदा कमी मात्रेवर आणि एकदा दुप्पट मात्रेवर त्याचा स्कॅन काढला. मग दोन्ही चित्रं शेजारी लावून विचारलं, ‘‘कुठलं कोणतं, सांगा.’’

‘‘आम्हा निम्म्यांचं चुकलं, मामू,’’ ती म्हणाली.

कॉलेजातली ती जागा मात्र अजून रिकामीच आहे.